धार पडते, तरी मशीन तापतं

तुमचा प्रश्न असा आहे: देवबागला पर्यटकांची बोट, मागे ४० एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, चौथा सीझन. किनाऱ्यावर चालू केलं की धार छान पडते. कर्लीच्या खाडीत हळू चालवलं तर काहीच तक्रार नाही. संगमाबाहेर थ्रॉटल पूर्ण उघडला की दहा-पंधरा मिनिटांत बझर वाजतो आणि मशीन मंद होतं. महिन्याभरात दोन इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी पाकळ्यांची चाकं, बदलले. रोज संध्याकाळी दोन मिनिटं पाइप मारून फ्लशिंग, म्हणजे गोड्या पाण्याने धुणं, चालू आहे, ते पुरतं का, हेही विचारलंय. आता मेकॅनिक म्हणतो हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलू. खोलावं का?

आत्ताच नको. कदाचित शेवटी खोलावं लागेलही, पण त्याआधी चार ठिकाणं बघायची आहेत आणि त्यातल्या तीन ठिकाणी स्पॅनरसुद्धा जेमतेम लागतो. मालवणात या मशिनांवर हात काळे करून मला बावीस-तेवीस वर्षं झाली. धार पडते म्हणून पाणी ठीक आहे असं समजणारे रोज भेटतात. सुरुवातीला मीही त्यांच्यातलाच होतो.

ती धार म्हणजे काय ते आधी नीट बघू. पंपाने वर फेकलेल्या पाण्यातला एक बारीक फाटा कव्हरच्या बाजूने बाहेर सोडलेला असतो, एवढीच ती धार. पंप फिरतोय आणि पाणी वरपर्यंत पोचतंय, हे ती सांगते. किती पोचतंय, हेडमधल्या सगळ्या पोकळ्यांतून फिरतंय का, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, उघडतोय का, यातलं काहीही ती सांगत नाही. उलटंही होतं. पाणी व्यवस्थित फिरत असतं, पण धारेच्या भोकात पावसाळ्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधून जाते आणि ऑगस्टमध्ये मालक घाबरून फोन करतो की पंप गेला. ते भोक साफ करायला लोखंडी तार खुपसू नका, आतला नळ फाटतो. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी येते ना, ती उत्तम.

पाण्याचा रस्ता खालून वर असा आहे. पाय, म्हणजे मशीनचा प्रोपेलरकडचा खालचा भाग, पाण्यात बुडालेला. पायाच्या बाजूला जाळ्या, तिथून पाणी आत. त्याच्या वर, गिअरच्या खोक्याच्या डोक्यावर पंप बसलेला. इंजिनकडून खाली येणारा ड्राइव्ह शाफ्ट पंपाच्या मधून जातो आणि एका छोट्या चावीने रबरी इंपेलरला फिरवतो. पंपातून एक लांब नळी, आपण वॉटर ट्यूब म्हणतो ती, पाणी वर नेते. मग ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट आणि शेवटी एक्झॉस्टच्या वाटेने परत समुद्रात. कार किंवा ट्रॅक्टरसारखा रेडिएटर नाही आणि कूलंटही नाही. जो समुद्र बोटीखाली आहे तोच इंजिनात फिरतो, त्याच्या मिठासकट, वाळूसकट.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट. हळू चालवताना तापत नाही, जोरात तापतं. इंपेलर ज्या कपात फिरतो त्या कपाचं भोक मध्यावर नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात आणि पाणी अक्षरशः ढकलून वर पाठवतात. कमी आरपीएमला पंप असा चालतो. आरपीएम वाढले की पाण्याच्या जोराने पाकळ्या आत वाकतात, कपाला नीट टेकतही नाहीत, आणि तोच पंप पाणी भिरकावून फेकायला लागतो. म्हणून पाकळ्या थकल्या किंवा कप झिजला की रोग बहुधा आधी मंद गतीला दिसतो: आयडलला धार मरतुकडी, थ्रॉटल दिला की सुधारते. तुमचं बरोबर उलट आहे. म्हणून इंपेलरवर माझा पहिला संशय जात नाही, आणि दोन इंपेलर घालूनही फरक पडला नाही यात मला नवल वाटत नाही. जोरात तापणं म्हणजे मागणी वाढल्यावर पाणी पुरत नाही. एक तर खालून कमी येतंय, नाहीतर पाण्याबरोबर हवा किंवा धूर येतोय, नाहीतर वर कुठेतरी गळा आवळलेला आहे.

खालून सुरू करा. ओहोटीला बोट पुळणीवर लागली की गुडघ्यावर बसून दोन्ही जाळ्या बघा. बार्नॅकलचा थर, रंग देताना भरलेली भोकं, मासेमारीच्या तुटक्या जाळ्याचा नायलॉन, पिशवीचा तुकडा. रंगाचं तर मी किती वेळा पाहिलंय. बोटीला रंग देताना पोरं उरलेला हात पायावरही मारतात, अर्धी भोकं बुजतात, आणि अर्ध्या भोकांवर आयडल निभावतं. दाभणाने किंवा जाड सुईने एकेक भोक मोकळं करा.

मग उंची. पायावर प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी आहे, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली साधारण २५ मिलिमीटरपर्यंत असावी. तुमच्या भागातल्या बऱ्याच बोटींना मागे फळीची पॅकिंग मारून मशीन वर घेतलेलं असतं, कारण संगमाजवळचा वाळूचा दांडा. पाय घासू नये म्हणून केलेली ही सोय. पण बोट वेगात आली, पुढे पर्यटक बसलेले, मागचा भाग उचलला गेला, की जाळ्यांपर्यंत फेस येतो आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. किनाऱ्यावर उभं राहून हे कधीच दिसणार नाही. वेगात असताना मागे एकाला बसवा आणि त्याला धार बघायला सांगा. धार अखंड आहे की थुंकल्यासारखी तुटत येते? तुटत असेल तर एक इंच खाली घेऊन बघा. कित्येकदा काम तिथेच संपतं.

दांड्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ओहोटीला उथळ पाण्यात मशीन अर्धं वर उचलून पुढे-मागे रेटायची जी सवय आहे, तिने जेवढे पंप मारलेत तेवढे कशानेच मारले नसतील. प्रोपेलर वाळू उडवतो आणि जाळी ती गिळते. वाळू म्हणजे पंपाच्या आत घातलेला पॉलिश पेपर. बांबू लावा, वल्हं घ्या, खलाशाला उतरून ढकलू द्या. पर्यटकांना त्याचीच जास्त मजा येते.

जाळ्या आणि उंची ठीक निघाली तर थर्मोस्टॅट. हेडवर छोटं झाकण असतं, दोन-तीन बोल्ट. मीठ खाल्लेले बोल्ट असतील तर जोर लावू नका, डोकं तुटलं की ॲल्युमिनियममधून ते काढायला अर्धा दिवस जातो. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी थोडी उष्णता द्या, मग आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित हलवून मग सैल करा. थर्मोस्टॅट बाहेर आला की पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू देऊ नका. अशा बऱ्याच टू-स्ट्रोकचा थर्मोस्टॅट ४८ ते ५२ अंशांना उघडायला लागतो आणि ६० च्या आसपास झडप निदान ३ मिलिमीटर उचलली गेली पाहिजे. तुमच्यावर कोरलेला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. झडप उचलते पण एका बाजूने तिरकी, किंवा अर्ध्यात अडते, तर तो गेला. मिठाने पांढरा झाला असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून परत तपासा. फरशी धुवायचं ॲसिड मात्र मशीनच्या जवळपासही आणू नका, ते मिठाआधी ॲल्युमिनियम खातं.

कोणीतरी तुम्हाला सांगेल, थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट गेली. आमच्याकडे हा सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो. कारच्या इंजिनात थर्मोस्टॅट ८० च्या वर उघडतो, इथे ५० ला, कारण खारं पाणी ६० च्या पुढे तापलं की त्यातले क्षार भिंतींवर बसायला लागतात. म्हणजे इंजिन मुळातच थंड चालवलेलं आहे. त्यातून थर्मोस्टॅटही काढला तर डॉल्फिन दाखवायला तासभर रेंगाळताना ते गरमच होत नाही. तेल-पेट्रोल पूर्ण जळत नाही, प्लग काळे पडतात, कार्बन साठतो. चाचणीसाठी एक फेरी काढून मारा, हरकत नाही. न काढता तापतं आणि काढल्यावर तापत नाही, तर दोषी सापडला. मग नवीन घाला.

थर्मोस्टॅट काढल्यावर त्या खड्ड्यात टॉर्च मारून बघायला विसरू नका, कारण आता मी तुम्हाला जो प्रश्न विचारणार आहे त्याचं उत्तर तिथे असू शकतं. पहिला इंपेलर बदलला तेव्हा जुन्याच्या किती पाकळ्या तुटल्या होत्या? आणि ते तुकडे कुठे आहेत?

तळाशीलचा एक मच्छीमार २५ एचपीचं मशीन घेऊन आला होता. तुमच्यासारखीच गोष्ट, नवा इंपेलर, छान धार, तरी तापतंय. वैतागून म्हणाला, “धार येता मरे, मगे तापता कित्याक?” नशिबाने जुना इंपेलर त्याने डब्यात ठेवला होता. सहा पाकळ्यांपैकी चार शाबूत, एक मुळापासून गेलेली, एक अर्धी. मी पंप खोलला, एक तुकडा कपाच्या तोंडाशी सापडला. हिशेबाने अजून एक हवा होता. वॉटर ट्यूबमधून उलटी हवा मारली, काही नाही. थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर खालच्या वळणात करंगळीच्या नखाएवढा काळा रबर आडवा बसलेला. मंद गतीला पाणी त्याच्या बाजूने निघून जायचं, जोर आला की तो भोकावर चिकटायचा. चिमट्याने काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ तो बोलला नाही. मग विचारलं, ह्याचे किती पैसे.

तेव्हापासून माझा नियम आहे, तुकडे जुळवल्याशिवाय पंप बंद करायचा नाही. जुना इंपेलर पाटावर ठेवायचा आणि फुटलेला कप जोडतात तसे तुकडे लावून बघायचे. तुमच्या मेकॅनिकने जुना इंपेलर फेकून दिला असेल तर खालून पाण्याचा पाइप लावून वॉटर ट्यूबमधून, आणि थर्मोस्टॅटच्या खड्ड्यातून उलट दिशेने, दोन्हीकडून पाणी मारा. खाली फडकं धरा म्हणजे काय पडतंय ते दिसेल.

आता पंप. संशय कमी आहे असं म्हटलं खरं, पण तुमच्या निरोपात एक वाक्य खटकलं: “इंपेलर बदलला.” फक्त इंपेलर? म्हणजे कप तोच, खालची स्टीलची प्लेट तीच, गॅस्केट तेच? तर मग नवा टायर जुन्या वाकड्या रिमवर बसवल्यासारखं झालं. पाय उतरवाल तेव्हा कपाच्या आतून आणि प्लेटवरून अंगठ्याचं नख फिरवा. नख जिथे अडकतं तिथे चर आहे आणि पाणी त्या चरातून मागे पळतं. चर असेल तर पूर्ण किट घाला: कप, प्लेट, गॅस्केट, ओ-रिंग, चावी, सगळं. वाळूच्या पाण्यात चालणाऱ्या मशीनला मी दर सीझनला पाय उतरवतोच. पाकळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी मुळाशी वाकवून भेगा बघतो आणि त्या एका दिशेला कायमच्या वाकून बसल्या असतील तर बदलतो. डुप्लिकेट इंपेलरबद्दल एवढंच, की त्याचा रबर कडक असतो आणि पितळेच्या बुशापासून सुटतो. बुश शाफ्टबरोबर फिरत राहतो, रबर जागेवर. बाहेरून सगळं नवं कोरं.

पाय उतरवताना आधी प्लगच्या वायरी काढा, प्रोपेलर काढा. गिअर कुठे होता ते लक्षात ठेवा आणि बसवताना त्याच जागी ठेवा. गिअरच्या दांड्याचा जोड सोडवल्याशिवाय पाय ओढू नका. मोठ्या मशीनला मागच्या छोट्या शेपटीच्या, म्हणजे ट्रिम टॅबच्या, वर एक बोल्ट लपलेला असतो. तो न काढता बाकीच्यांवर हातोडा मारणारे मी पाहिलेत. टॅब काढण्याआधी त्याची जागा खुणेने ठेवा, नाहीतर हँडल एका बाजूला ओढायला लागतं.

बसवताना इंपेलरला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, इंजिन ऑइल नको. चावी ग्रीसच्या ठिपक्याने शाफ्टला चिकटवा म्हणजे खाली पडत नाही. कप दाबत नेताना शाफ्ट वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, पाकळ्या आपोआप बरोबर वाकतात. उलटा कधीच फिरवायचा नाही. शाफ्टच्या वरच्या दात्यांना ग्रीस लावा, पण माथ्यावर नको. माथ्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो क्रँकच्या भोकात दबतो आणि पाय शेवटचे दोन मिलिमीटर बसत नाही. मग माणूस बोल्टने ओढतो आणि काहीतरी मोडतं.

आणि वॉटर ट्यूब. पाय वर चढवताना ट्यूबचं खालचं टोक पंपाच्या रबरी सीलमध्ये शिरलं की नाही हे डोळ्यांनी बघा. शिकाऊ असताना मी हे एकदा चुकवलं. ट्यूब सीलच्या काठावर टेकून राहिली होती. ड्रमात चालवून बघितलं, धार पडली, मी खूश. गिऱ्हाईक दांडीच्या किनाऱ्यावरून निघून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अलीकडेच थांबलं आणि मला दुसऱ्या बोटीने त्याच्यामागे जावं लागलं. उस्तादांनी त्या दिवशी मला पाय तीनदा उतरवायला आणि तीनदा चढवायला लावला. ते सील आणि ट्यूबच्या वरच्या टोकाचा रबर चार वर्षांत कडक होतो, तुमचा झाला असणार. पंपाच्या खालच्या प्लेटचं गॅस्केट फाटलं तर एक्झॉस्टचा धूर पाण्यात शिरतो, आणि तोही जोरातच जाणवतो, कारण जोरातच धुराला दाब असतो. पाय खाली आलाच आहे तर गिअर ऑइलचा स्क्रू सैल करून बघा. दुधाळ आलं तर पंपाखालचं शाफ्टचं सील किंवा प्रोपेलरकडचं सील गेलंय.

एवढं करूनही तापलं तर हेड. तेव्हा पाण्याच्या पोकळ्यांत ओल्या सिमेंटसारखा वाळू-मिठाचा गाळ निघेल, कारण चार सीझन त्यात गोडं पाणी पुरेसं गेलेलं नसणार. हेड खोलण्याआधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या आणि लिहून ठेवा. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तापण्याने आतलं काहीतरी आधीच दुखावलंय: गॅस्केट, रिंग किंवा पिस्टनवरचे ओरखडे. मग नुसती सफाई करून हेड परत बसवण्यात अर्थ नाही.

तापमान मोजायला हल्ली बंदुकीसारखं इन्फ्रारेड यंत्र मिळतं, घ्या एक. नसेल तर जुनी रीत: हेडवर ओल्या बोटाने पाण्याचा थेंब टाका. नुसता सुकला तर ठीक, चुर्र वाजला तर शंभराच्या पुढे गेलंय, लगेच बंद. बंद केल्यावर तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी ओतू नका, ॲल्युमिनियम वाकतं. कव्हर काढून ठेवा, सावली करा, वाट बघा. आणि बझर वाजला तेव्हा धारच गायब असेल, तर किनारा गाठण्याचा विचार करू नका. बंद करा, मशीन उचला आणि जाळीवरची पिशवी काढा. दहापैकी सहा-सात वेळा ती पिशवीच असते.

शेवटी तुम्ही विचारलेलं फ्लशिंग. रोज संध्याकाळी दोन मिनिटं पाइप मारता, ते बाहेरचं मीठ धुतं, आतलं नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद, तेव्हा पाणी ब्लॉकच्या बाहेरूनच निघून जातं. जाळ्यांवर कानाला लावतात तसे दोन रबरी कप लावून, किंवा पंप बुडेल इतकं पाणी भरलेल्या ड्रमात, न्यूट्रलला, प्रोपेलर काढून, दहा ते पंधरा मिनिटं आयडलला चालू ठेवा. पाणी आधी सोडा, मग स्टार्टर. कोरड्या पंपात नवा इंपेलर अर्ध्या मिनिटाच्या आत जळतो. काही फोर-स्ट्रोकना बाजूला पाइप जोडायची वेगळी जागा असते, तिथे मात्र इंजिन बंद ठेवून पाणी सोडायचं. किनाऱ्यालगतच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात. चाखून बघा, खारट लागली तर आठवड्यातून एकदा तरी टँकरच्या पाण्याचा ड्रम भरा. मेच्या अखेरीस बोटी वर ओढण्याआधीचं फ्लशिंग तर चुकवूच नका. नंतर पाय सरळ उभा ठेवा म्हणजे आतलं पाणी गळून जाईल, आणि धारेच्या भोकात कापडाची छोटी चिंधी कोंबा, कुंभारीण येऊ नये म्हणून. चिंधी लाल घ्या. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा चालू करताना ती काढायचं लक्षात राहील.